नदी मुखापासून वाचावी: दहिसरला बसून सायबेरियातली नादीम नदी कागदावर कशी उतरवावी

मी ३१ वर्षं अनुरेखक म्हणून नोकरी केली. अनुरेखक म्हणजे ट्रेसर. आरेखकानं पेन्सिलीत काढलेला नकाशा ट्रेसिंग क्लॉथवर शाईत उतरवायचा, चुकलं तर ब्लेडनं हलक्या हातानं खरवडायचं आणि मग अमोनिया प्रिंटला, म्हणजे प्रती काढायला, पाठवायचा. आयुष्यभर नाले, गटारं आणि कल्व्हर्ट काढले. निवृत्तीनंतर स्वतःसाठी काढलेली पहिली नदी मात्र दहिसरपासून पाच हजारांवर किलोमीटर दूर निघाली. ती कशी काढली, तुम्हाला काढायची असेल तर कशी काढावी, ते सगळं सांगते. शाळेतल्या मुलांनाही जमेल. घाई मात्र करू नका, मला चार महिने लागले.

नदी कशी निवडली ते आधी. घरातला शाळेचा जुना ॲटलास उघडला आणि मुंबईवर पट्टी ठेवून ती सरळ उत्तरेकडे नेली. मुंबई साधारण ७२.८ पूर्व रेखांशावर आहे. पट्टीच्या आजूबाजूला एकेक गाव येत गेलं: सुरत, अहमदाबाद, जोधपूर, इस्लामाबाद, किर्गिझस्तानातलं ओश, कझाकस्तानातलं कारागांदा, मग सायबेरियातलं ओम्स्क, ओब नदीवरचं सुरगूत आणि सगळ्यात वर नादीम. सगळी एकाच उभ्या रेषेच्या अर्धा-पाऊण अंश अलीकडे-पलीकडे. नादीम गाव ६५.५३ उत्तर, ७२.५२ पूर्व असं आहे. म्हणजे आपल्या अगदी डोक्यावर. तिथलं घड्याळसुद्धा आपल्यापेक्षा फक्त अर्धा तास मागे चालतं. आपण सकाळचा चहा टाकतो तेव्हा तिथेही चहाचीच वेळ असते. हे कळल्यावर ती नदी मला परकी वाटेना.

नादीम नदी नुमतो नावाच्या तळ्यातून निघते, उत्तरेकडे वाहत जाते आणि ओबच्या आखातात मिळते. लांबी ५४५ किलोमीटर, पाणलोट सुमारे ६४,००० चौरस किलोमीटर. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर आहे, म्हणजे आपल्या राज्याचा पाचवा हिस्सा भरेल एवढ्या मुलखातलं पाणी ही एक नदी गोळा करते. तिथलं जंगल तैगाचं, म्हणजे थंड मुलखातल्या सूचिपर्णी झाडांचं, उत्तर टोकाचं.

आता सामान. ए-थ्री आकाराचा ट्रेसिंग पेपर दोन-तीन ताव, कारण एक फाटतोच. टू-एच आणि एच-बी पेन्सिल. निळी, तपकिरी, हिरवी आणि काळी अशा बारीक टोकाच्या पेनांच्या चार शाया. रोट्रिंग असेल तर उत्तम, पण स्टेशनरीच्या दुकानात मिळणारं साधं फाइनलायनरही चालतं. शिवणकामाचा पांढरा दोरा. पट्टी, सेट स्क्वेअर. आणि इंटरनेट असलेला कॉम्प्युटर. मोबाइलवर डोळे जातात, शिवाय बोट ठेवलं की नेमका बघायचा बिंदूच झाकला जातो.

नकाशा म्हणून दोन गोष्टी शेजारी-शेजारी उघडून ठेवा. एक, उपग्रहाची चित्रं. सेंटिनेल-२ या युरोपच्या उपग्रहांची चित्रं कोपर्निकस ब्राउझर या संकेतस्थळावर फुकट मिळतात. त्यात दहा मीटरचा एक ठिपका, म्हणजे दहिसरच्या आमच्या इमारतीएवढी वस्तू नीट दिसते. दुसरी, जुने सोव्हिएत स्थलदर्शक नकाशे, जे स्कॅन करून ठेवलेले सापडतात. त्यांची लिपी रशियन आहे म्हणून बिचकू नका. इंग्रजी पी सारखं दिसणारं अक्षर म्हणजे 'र', आणि त्यापुढे टिंब असेल तर 'रेका', म्हणजे नदी. एवढ्यावर निम्मं काम होतं.

त्या नकाशांवर मी अक्षरशः जीव टाकते. ज्यांनी ते काढले, त्यांनी नदीच्या अंगावर आकडे लिहून ठेवलेत. नदीच्या काठाशी एक अपूर्णांक दिसेल: वर पात्राची रुंदी मीटरमध्ये, खाली खोली, आणि शेजारी एक अक्षर. ते अक्षर तळ कशाचा ते सांगतं: वाळू, दगड की चिखल. पात्रात छोटा बाण असतो, त्यावर प्रवाहाचा वेग, मीटर दर सेकंद. जंगलात झाडाची खूण काढून तिच्यापुढे झाडांची उंची, खोडाची जाडी आणि दोन झाडांतलं अंतर लिहिलेलं. नोकरीत मी हजारो झाडं काढली असतील, पण एका झाडापासून दुसरं झाड किती लांब हे कुणी मला नकाशावर लिहायला सांगितलं नव्हतं. भिंग घेऊन हे आकडे वाचा. पाचशे किलोमीटरची नदी कुठे गुडघाभर आणि कुठे पुरुषभर, हे असं समजतं.

कागदावर पहिली रेघ नदीची काढू नका. आधी जाळी आखा, आणि इथेच बहुतेकांचं चुकतं. आपण एक सेंटिमीटरला दहा किलोमीटर असं प्रमाण धरू. अक्षांशाचा एक अंश कुठेही साधारण १११ किलोमीटर, म्हणजे कागदावर ११.१ सेंटिमीटर. रेखांशाचं तसं नाही. मुंबईत रेखांशाचा एक अंश १०५ किलोमीटरचा असतो. वर जाऊ तशा रेषा एकमेकींजवळ येतात, आणि नादीमपाशी तोच अंश ४६ किलोमीटरवर येतो. म्हणून ६३.२५ ते ६६.७५ उत्तर एवढी उंची घेतलीत तर ती ३९ सेंटिमीटर होईल. ७० ते ७५ पूर्व ही रुंदी मात्र खालच्या कडेला २५ सेंटिमीटर आणि वरच्या कडेला २२ सेंटिमीटर घ्या. जाळी वर निमुळती होईल, परकराला घातलेल्या कळीसारखी. ए-थ्रीवर व्यवस्थित बसते.

मी सुरुवातीला ही जाळी आखलीच नाही. कॉम्प्युटरवरचा नेहमीचा रस्त्यांचा नकाशा छापला, मुंबईच्या छापील तुकड्यावरून प्रमाण काढलं आणि त्याच प्रमाणानं नादीमवर दोरा फिरवला. नदी नऊशे किलोमीटरच्या वर गेली. रात्रभर झोप लागली नाही. एवढा अनुभव असून आकडा असा कसा फसला? सकाळी लक्षात आलं: ते नकाशे उत्तरेकडे ताणत नेलेले असतात. ६५ अक्षांशावर प्रत्येक गोष्ट मुंबईच्या तुलनेत सव्वादोन पट मोठी दिसते. स्क्रीनवरचं प्रमाणाचं दांडकं नकाशा सरकवला की बदलतं, त्याकडे लक्ष ठेवा. डोळ्यांच्या अंदाजानं उत्तरेकडची नदी कधीही मोजू नका.

जाळी झाली की नदी. सगळे उगमापासून सुरू करतात, पुस्तकात तसंच शिकवलेलं असतं: अमुक डोंगरात उगम, तमुक समुद्रात मुख. मी उलटं सांगते. मुखापासून सुरू करा. त्याचं कारण मला २६ जुलै २००५ ला कळलं.

आम्ही तेव्हा कांदरपाड्याच्या बाजूला तळमजल्यावर राहायचो. दहिसर नदी राष्ट्रीय उद्यानातून, तुळशी तलावाच्या बाजूनं निघते, बारा किलोमीटर धावते आणि मनोरीच्या खाडीला मिळते. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पण आमच्या घरात पाणी भरलं ते नुसत्या पावसानं नव्हे. वरून डोंगराचं पाणी येत होतं आणि खाली खाडीला भरती होती. नदीला तोंडच उरलं नव्हतं. पाणी स्विचबोर्डापर्यंत आलं. माझ्याजवळ जपून ठेवलेले ट्रेसिंग क्लॉथचे जुने सहा गुंडाळे होते, नोकरीच्या पहिल्या वर्षांतले. दोन दिवसांनी उघडले तेव्हा कापडाची सगळी खळ धुऊन निघाली होती. कडक, निळसर, काचेसारखं दिसणारं ते कापड मऊ पांढरी मलमल झालं होतं, आणि त्यावर शाईचे नुसते ढग. मी ते कापड हातात धरून उंबऱ्यावर बसून राहिले. तेव्हापासून कुठलीही नदी दिसली की मी आधी विचारते: पाणी येतं तेव्हा हिचं तोंड उघडं असतं का?

नादीमला हाच प्रश्न विचारा, म्हणजे ती नदी तुमच्यासमोर उलगडत जाईल. ती दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. तिचा उगम गरम बाजूला, तोंड थंड बाजूला. ऑक्टोबरात ती गोठते आणि मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीला फुटते. वसंतात वरच्या अंगाचा बर्फ आधी वितळतो, पाणी सुटतं आणि खाली येतं. खाली येऊन बघतं तर नदीवर अजून बर्फाचं झाकण, आणि पुढे ओबच्या आखातावरही बर्फ. पाणी बर्फाच्या लाद्या ढकलत नेतं, त्या वळणावर अडकतात, एकीवर एक चढतात आणि त्यांचाच बांध तयार होतो. मागचं पाणी काठावरच्या रानात पसरतं. आमच्याकडे भरती तोंड बंद करते, तिथे बर्फ करतो. आमची भरती सहा तासांत उतरते, त्यांचं तोंड मोकळं व्हायला दिवसच्या दिवस जातात.

तर कॉम्प्युटरवर ओबचं आखात शोधा. ते कारा समुद्रातून खाली दक्षिणेकडे आत शिरलेलं आहे, आठशे किलोमीटरच्या वर लांब, एखाद्या बोगद्यासारखं. दक्षिणेकडच्या टोकाला पश्चिमेकडून ओबची महानदी येते, तिच्या त्रिभुज प्रदेशातल्या एका फाट्याला 'नादीमची ओब' असंच म्हणतात. त्याच्याच जवळ, दक्षिणेकडून आपली नादीम येते. इथे पात्र फुटतं, बेटं, वाळूचे दांडे आणि आंधळे फाटे दिसतात. ऑगस्टमधलं ढग नसलेलं चित्र निवडा आणि मुखाशी पहिला ठिपका द्या. त्याच ठिकाणाचं जूनच्या पहिल्या आठवड्यातलं चित्र दुसऱ्या खिडकीत उघडा. ऑगस्टमध्ये जिथे हिरवळ होती तिथे जूनमध्ये तपकिरी पाणी असेल आणि आखातावर पांढरे तुकडे. मार्चचंही एक बघा, त्यात नदी म्हणजे फक्त पांढरा गुळगुळीत पट्टा. ही तीन चित्रं बघितल्याशिवाय काठाची रेघ शाईत काढू नका. मी ऑगस्टचा काठ अखंड रेघेनं आणि जूनचा काठ तुटक रेघेनं काढला आहे. आमच्या खात्यात पूररेषा अशीच काढायची पद्धत होती.

मुखाच्या परिसरातच एक जुनी वस्ती पुरलेली आहे, नादीम्स्की गोरोदोक. काही शतकांपूर्वी तिथे लाकडी घरांची गढी होती. जमीन गोठलेली असल्यामुळे लाकूड, हाडाच्या वस्तू, कातडं कुजलं नाही, आणि पुरातत्त्ववाल्यांना ते तसंच्या तसं सापडलं. नदीच्या तोंडाशी माणूस आधी वस्ती करतो, हे वसई आणि चौल बघितलेल्या माणसाला सांगायला नको. ही जागा काळ्या टिंबानं दाखवा.

आता वर चढा. एक सूचना: डावा-उजवा काठ नेहमी पाणी ज्या दिशेला वाहतं तिकडे तोंड करून ठरवतात. तुम्ही उलटे चढताय, तेव्हा तुमच्या डाव्या हाताला नदीचा उजवा काठ येईल असं वाटेल आणि नकाशा उत्तर-वर असल्यामुळे आणखी गोंधळ होईल. कागदाच्या कोपऱ्यात वरच्या दिशेला बाण काढा, त्याच्या पश्चिमेला 'डावा' आणि पूर्वेला 'उजवा' लिहून टाका. नदी उत्तरेकडे वाहते, म्हणून हे इतकं सोपं आहे. नावावरही जाऊ नका. नादीमला मिळणाऱ्या दोन मोठ्या नद्यांची नावं लेवाया हेत्ता आणि प्रावाया हेत्ता आहेत, रशियनमध्ये डावी हेत्ता आणि उजवी हेत्ता. नाव वाचून काठ ठरवलात तर फसाल. रेघ कुठून येते ते बघा आणि तिच्यावर बोट ठेवून संगमापर्यंत या.

प्रत्येक वळणावर कर्सर ठेवा, खाली अक्षांश-रेखांश दिसतील, ते जाळीवर ठिपक्यानं मांडा, मग ठिपके पेन्सिलीनं जोडा. नदीनं वळण मोडून टाकलेल्या जागा दिसतील, चंद्रकोरीसारखी तळी. ती सोडू नका. ती नदीची जुनी पावलं आहेत, बारीक निळ्या रेघेनं काढा.

हिरवी शाई इथेच लागते. आपल्या डोक्यात नदीचं जंगल म्हटलं की सगळीकडे जंगल आणि मधून नदी असं चित्र असतं, कारण आपण बोरिवलीचं उद्यान बघितलेलं असतं. नादीमच्या खोऱ्यात झाडी बरीचशी नदीला धरून आहे. काठाची जमीन थोडी उंच, वाळूची, पाणी निचरून जाणारी, म्हणून तिथे लार्च, सायबेरियन पाइन, स्प्रूस आणि बर्च उभे राहतात. काठापासून दूर गेलात की दलदल, पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थराची, पठारं आणि हजारो तळी. उपग्रहाच्या चित्रात नदी म्हणजे गडद हिरवी फीत, आणि दोन फितींच्या मध्ये पिवळट-तपकिरी, भोकं पडलेलं कापड. मी ती फीत हिरव्या शाईत आखली आणि मधली जागा कोरी ठेवली. आमच्या खाडीकाठच्या तिवरांची पण अशीच फीत असते, तिची कारणं वेगळी.

दलदलीमुळे पाण्याचा रंगही ठरतो. पीटमधून झिरपलेलं पाणी तपकिरी असतं, दूध न घातलेल्या चहासारखं. हिवाळ्यात बर्फाचं झाकण बसलं की असं पाणी हवेला पारखं होतं, त्यातला प्राणवायू कमी होत जातो. ओबच्या खालच्या खोऱ्यात हे दर हिवाळ्यात घडतं, त्याला तिथले लोक 'झामोर' म्हणतात, गुदमरणं. मासे आधीच आखाताकडे किंवा झऱ्यांच्या पाण्याकडे निघून जातात. बंद तोंडाची आणखी एक किंमत ती हीच.

नावं लिहिताना सावकाश लिहा, कारण नावंच तुम्हाला माणसं दाखवतात. नावाच्या शेवटी 'याहा' आलं तर ते तिथल्या मूळच्या नेनेत्स लोकांनी ठेवलेलं, याहा म्हणजे नदी. शेवटी 'यूगान' आलं तर तिथल्याच खांती लोकांचं, त्याचाही अर्थ नदी. 'तो' म्हणजे नेनेत्समध्ये तळं. नादीमला पश्चिमेकडून येणारी एक मोठी उपनदी आहे, तिची नकाशावर दोन नावं सापडतात: हेइगियाहा आणि लाँगयूगान. एकच पाणी, दोन्ही भाषांनी आपलं म्हटलेलं. मी दोन्ही नावं लिहिली, एक रेघेच्या वर, एक खाली. आमच्याकडे पाडा, वाडी, गावठाण, खाडी, बंदर असे शब्द बघून जशी वस्ती ओळखू येते तसंच हे. नादीम या नावाचा अर्थ रेनडियर ज्या शेवाळासारख्या दगडफुलावर जगतात त्या दगडफुलाची जागा असा सांगतात.

माणसांच्या सरळ रेघा काळ्या शाईत काढा. नदी वाकडी जाते आणि माणूस सरळ, त्यामुळे चित्रात त्या लगेच डोळ्यात भरतात. नादीम गावापाशी नदीवर पूल दिसेल, तो वाहनांना २०१५ ला खुला झाला. त्याआधी उन्हाळ्यात तरंगता पूल आणि हिवाळ्यात बर्फावरून रस्ता असे. नदी गोठताना आणि फुटताना दोन्ही बंद. जंगलात समांतर पट्टे कापलेले दिसतील, त्या गॅसच्या पाइपलाइन. मेद्वेझ्ये नावाचं गॅसक्षेत्र १९६७ ला सापडलं, १९७२ ला गॅस निघायला लागला आणि त्याच वर्षी नादीमला शहराचा दर्जा मिळाला. आणखी एक रेघ शोधा, पूर्व-पश्चिम जाणारी, मध्येच पुसट होणारी. ती सालेखार्द ते इगार्का रेल्वे. स्टालिनच्या हुकमावरून १९४७ ला कैद्यांना जुंपून सुरू केली, १९५३ ला तो गेल्यावर काम थांबलं. तिला मृत मार्ग म्हणतात. रुळांखालची गोठलेली जमीन सुटली आणि रूळ वेडेवाकडे झाले. ही रेघ मी अखंड काढू शकले नाही, हात थांबला. ठिपक्यांत काढली.

वर चढत शेवटी ६३.५ उत्तर, ७१.४ पूर्व याच्या जवळपास या. पात्र अरुंद होत जातं, तळी वाढतात आणि एक मोठं तळं समोर येतं, नुमतो. 'नुम' म्हणजे आकाश, आकाशातला देव, आणि 'तो' म्हणजे तळं. हे खांती आणि जंगलातल्या नेनेत्स लोकांचं देवस्थान आहे, तळ्यातलं बेट पवित्र. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला सोव्हिएत अधिकाऱ्यांनी इथे सरकारी मासेमारी आणली, पोरांना उचलून निवासी शाळांत नेलं, तेव्हा लोक उठले. तो काझीमचा उठाव. तो मोडून काढला. १९९७ पासून इथे नुमतो निसर्ग उद्यान आहे.

उगमापाशी आल्यावर माझा हात एकदा पूर्ण थांबतो, आणि तुमचाही थांबवा. डोंगर शोधू नका, मिळणार नाही. आपल्याकडच्या बऱ्याच नद्या सह्याद्रीच्या कड्यावरून उतरतात, पाणी कुठे फुटतं ते डोळ्यांना दिसतं. इथे पाणी वाटून देणारी सायबेरियन उवाली नावाची कमी उंचीची, लांबच लांब सपाटीवरची फुगार आहे. तिच्या दक्षिणेला पडलेला थेंब काझीम, ल्यामिन, आगान अशा नद्यांतून ओबला मिळतो. उत्तरेला पडलेला थेंब नादीम, पूर किंवा ताझ या नद्यांतून थेट आखातांकडे. दलदलीतून ही विभागणीची रेघ काढायची म्हणजे कसोटी आहे. तपकिरी शाई घ्या, पण आधी दोन्ही बाजूंचे सगळे लहान ओहोळ पेन्सिलीत काढा, प्रत्येकाचा बाण कुणीकडे ते ठरवा आणि मग दोन विरुद्ध बाणांच्या मधून रेघ न्या. समोच्च रेषांवर विसंबू नका, त्या इथे फार विरळ आहेत. ओहोळ खोटं बोलत नाहीत. ही रेघ फिरवत पुन्हा मुखाशी आणून मिळवली की पाणलोट पूर्ण.

आता दोरा. ओला करून पिळा, म्हणजे कागदाला चिकटून राहतो. नुमतोपासून मुखापर्यंत प्रत्येक वळणावर दाबत न्या, दोन्ही टोकांना पेनाची खूण करा आणि पट्टीवर ताणून मोजा. सरळ अंतर ३० सेंटिमीटरच्या आसपास येईल, म्हणजे ३०० किलोमीटर. वळणं धरून माझा दोरा ४१ सेंटिमीटर आला. पुस्तकी लांबी ५४५ किलोमीटर, म्हणजे साडेचोपन्न सेंटिमीटर यायला हवे. साडेतेरा सेंटिमीटर कुठे गेले? या प्रमाणावर पेनाची रेघच शे-दोनशे मीटर जाडीची होते, त्यात लहान वळणं बुडतात. पडताळा घ्यायचा असेल तर नदीचा वीस किलोमीटरचा एकच तुकडा मोठा करून वेगळ्या कागदावर काढा आणि तिथे दोरा फिरवा. फरक लगेच दिसतो. सपाट जंगलातली नदी सरळ अंतराच्या जवळजवळ दुप्पट चालते.

आमच्या शेजारची दहावीतली मुलगी हे बघायला यायची. दोरा तिनंच धरला होता. तिनं विचारलं, "आजी, एवढं वळत का जाते? उशीर नाही का होत?" मी तिला पुलावर घेऊन गेले. श्रीकृष्णनगरच्या वरच्या अंगाला दगडांतून धावणारी दहिसर नदी दाखवली, मग रिक्षानं खाली खाडीच्या बाजूला आणली, जिथे ती मंद होते आणि चिखलात नागमोडी पडते. उतार संपला की नदी वळायला लागते, हे तिला तिथे कळलं. नादीमला उतार जवळजवळ सगळीकडेच कमी. तुमच्या जवळ मिठी, उल्हास, वालधुनी जी असेल ती बघून या, मगच लांबच्या नदीची वळणं शाईत घ्या. हातात फरक पडतो.

भांडुपच्या खाडीवर थंडीत तलवार बदकं उतरतात. ती उत्तरेकडच्या अशाच दलदलींत अंडी घालतात आणि तिकडे पाणी गोठलं की दक्षिणेकडे येतात. नकाशा झाल्यावर एकदा जानेवारीत जाऊन त्यांना बघा.

शाई वाळायला एक रात्र द्या, मे महिन्यात दोन, कारण हवेत दमटपणा असतो. पेन्सिलीच्या खुणा मऊ रबरानं पुसा. कोपऱ्यात प्रमाण, उत्तरेचा बाण, चित्रांच्या तारखा आणि तुमचं नाव लिहा. तारखा लिहायला विसरू नका, नदीचा नकाशा हा एका दिवसाचाच असतो. मुखाशेजारी मी पाच ओळींची एक चौकट कोरी ठेवली आहे. दर वर्षी मेअखेरीपासून रोज सकाळी नवं चित्र आलंय का बघते. इतक्या उत्तरेला उपग्रहाचे पट्टे एकमेकांवर येतात, म्हणून चित्रं आपल्यापेक्षा जास्त वेळा मिळतात, फक्त ढग नसावे लागतात. आखाताच्या टोकाशी काळं पाणी पहिल्यांदा दिसलं की त्या दिवसाची तारीख चौकटीत लिहायची, आणि तिच्या शेजारी आमच्या खाडीच्या त्या दिवशीच्या भरतीची वेळ.